स्काउटला माहीतच नव्हतं, मग तिचा पूर्वग्रह होता म्हणायचं का?

निपाणीच्या एका पोरीनं विचारलंय, एम.ए. करते, 'टू किल अ मॉकिंगबर्ड'वर सेमिनार आहे आणि विषय मिळालाय अज्ञान, जपून वाढवलेलं बालपण आणि वर्णद्वेष. ती अडकलीय ती इथं, की मॅडम, स्काउट वाईट पोरगी नाही, बाप एवढा चांगला, तिला बाहेरच्या जगातलं काही माहीतच नाही, मग तिच्या तोंडून जे निघतं त्याला वर्णद्वेष म्हणायचं की नुसतं अज्ञान म्हणून सोडून द्यायचं?

बेळगावात डिग्रीच्या पोरांना इंग्रजी शिकवण्यात माझी २६ वर्षं गेली, त्यातली बरीच वर्षं ही कादंबरी शिकवली, त्यामुळं जरा लांबलं तरी नीट सांगते.

सरळ उत्तर आधी. हो, पूर्वग्रहच म्हणायचं. शब्दातच आहे बघ की, पूर्व म्हणजे आधी, ग्रह म्हणजे धरून बसणं, समोरचा माणूस कळायच्या आधीच त्याच्याबद्दल काहीतरी धरून बसणं. म्हणजे न कळणं हा त्याचा कच्चा माल झाला, तोच पुरावा म्हणून पुढं करून पोरीला सोडवता येत नाही. पण तुझ्या सेमिनारचा खरा मुद्दा त्याच्या पुढं आहे. स्काउटचं हे न कळणं आपोआप आलेलं नाही, ते तिच्यासाठी कुणीतरी रोज सांभाळलंय, घरातल्यांनी, आणि प्रेमानं. ते कोण सांभाळतंय, कसं सांभाळतंय आणि त्यासाठी कुणाचे हात राबतायत हे कादंबरीत शोधायचं.

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हार्पर लीची ही कादंबरी १९६० ची, १९६१ ला पुलित्झर मिळालं. अमेरिकेच्या दक्षिणेत अलाबामा राज्यात मेकॉम्ब नावाचं काल्पनिक गाव, काळ १९३३ ते १९३५. टॉम रॉबिन्सन या काळ्या मजुरावर गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याचा खोटा आरोप येतो, त्याचं वकीलपत्र कोर्टानं ॲटिकस फिंचकडं दिलेलं असतं, आणि ॲटिकसची पोरगी स्काउट मोठी झाल्यावर मागं वळून हे सगळं सांगते. आता इथंच बरीच पोरं घसरतात. स्काउट दोन आहेत, एक बघणारी आठेक वर्षांची आणि एक सांगणारी मोठी. लहानीला जे दिसत नाही ते मोठी आपल्याला दिसेल असं मांडून ठेवते आणि स्वतः गप्प राहते. या दोघींची सरमिसळ झाली की कादंबरी नुसती गोड वाटायला लागते.

आता कोर्टातला तो प्रसंग घे, एकोणिसाव्या चॅप्टरमधला. सरकारी वकील गिल्मर टॉमची उलटतपासणी घेतोय, २५ वर्षांचा, बायको आणि तीन पोरं असलेला माणूस, त्याला तो 'बॉय' म्हणून बोलतोय, हिणवून, तुच्छतेनं. आणि वर बाल्कनीत बसलेल्या डिलला, स्काउटच्या मित्राला, एकदम रडू फुटतं, थांबेचना. स्काउट त्याला बाहेर नेते आणि समजूत काढते, की अरे वकिलांचं कामच असतं असं बोलायचं, आणि काही झालं तरी तो काळाच आहे ना शेवटी. म्हणते आणि पुढं जाते. रागानं नाही, द्वेषानं नाही, पाऊस पडतोय असं सांगावं तसं. त्या कोर्टात तिचा बाप याच माणसासाठी जिवाचं रान करतोय आणि पोरगी असं बोलते, हे वाक्य वर्गात आलं की मी दर वर्षी दोन मिनिटं थांबायची, कारण पोरं ते वाचून पुढं जातात, त्यांनाही ते खटकत नाही.

मग मी विचारायची, डिलला का रडू आलं? तोही मिसिसिपीचा, म्हणजे दक्षिणेतलाच, काही वेगळ्या संस्कारातला नव्हे. वय जवळपास तेच. फरक एवढाच, की डिल घरात नकोसा झालेला पोरगा आहे, आई आणि नवा बाप त्याला बाजूला सारतात, तो पळून येऊन स्काउटच्या पलंगाखाली लपतो. आपल्याशी कुणी कुठल्या सुरात बोलतंय हे ओळखायची सवय अशा पोराला लवकर लागते, म्हणून त्याला गिल्मरचा सूर ऐकू आला. स्काउटशी त्या सुरात आयुष्यात कुणी बोललेलंच नाही. तिला शब्द कळतात, कायद्यातले शब्दसुद्धा कळतात, सूर कळत नाही. जपून वाढवलेल्या बालपणाचं सगळ्यात मोठं नुकसान माझ्या मते हेच आहे, दुसऱ्याचा अपमान होताना तो अपमान आहे हेच कळत नाही. आणि बाहेर भेटलेले गावातले एक गृहस्थ, डॉल्फस रेमंड, त्या पोरांना सांगतात, की हा डिल अजून थोडा मोठा झाला की त्याला रडू येणार नाही. हे नक्की घे सेमिनारमध्ये, कारण मोठं होणं म्हणजे शहाणं होणं हे आपण धरून चालतो, आणि इथं एक माणूस सांगतोय की या गावात मोठं होणं म्हणजे कान बंद होत जाणं.

दुसरं, अज्ञान रिकामं असतं असं समजू नकोस. शाळेत सेसिल जेकब्ज ओरडतो की तुझा बाप काळ्यांची केस लढतो, तो घाणेरडा शब्द वापरून, आणि स्काउट त्याच्यावर मुठी वळून धावून जाते, का, तर तिला त्यातलं काहीच कळलेलं नसतं, फक्त एवढं कळतं की हे काहीतरी लाजेचं आहे. घरी येऊन बापाला विचारते तेव्हा तिच्या तोंडातही तोच शब्द. बाप म्हणतो तो शब्द वापरू नको, ती म्हणते शाळेत सगळेच म्हणतात. म्हणजे अर्थ यायच्या आधी लाज आली, चीड आली, शब्द आला. पोराच्या डोक्यात जागा मोकळी राहत नाही गं, माहिती नसेल तिथं गावाचा सूर जाऊन बसतो.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. मी बेळगावच्या शहापूरची, पण आजोळ खानापूर तालुक्यात, जंगलाला लागून. मे महिन्यात तिथं एक सिद्दी बाई, म्हणजे आफ्रिकी वंशाची, मध आणि शिकेकाई घेऊन यायची. अंगणात बसायची, चहा द्यायचा तो वेगळ्या कपात, तो कप गोठ्याच्या खिडकीत ठेवलेला असायचा. माझी आजी मायाळू होती, तिला तांदूळ द्यायची, लुगडं द्यायची, आजारी आहे कळलं तर काढा करून द्यायची. मी सातेक वर्षांची असताना मोठ्यानं विचारलं, आजी, हिचे केस असे का गं? आजीनं मला आत नेलं, म्हणाली असं विचारू नये, आणि हातावर लाडू ठेवला. चांगलंच वागली ना ती? त्या बाईचा अपमान होऊ नये म्हणूनच मला गप्प केलं. पण प्रश्न तिथंच मेला. ती कुठली, आपल्या जंगलात कधीपासून, तिचं नाव काय, यातलं मी पुन्हा काहीच विचारलं नाही. तिचं नाव मला आजही माहीत नाही, आमच्या घरात 'सिद्दीण आली' एवढंच म्हणायचे.

आणि माझ्या डोक्यात ती जागा रिकामी होती का? छे. 'सिद्दी' हा शब्द मला गोष्टींतून, पोवाड्यांतून आधीच ठाऊक होता, पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर, १६६०, पावनखिंड, बाजीप्रभू. जंजिऱ्याचा सिद्दी. म्हणजे माझ्या लेखी अंगणात बसलेली ती बाई शत्रूपक्षातली होती, ती चहा पीत असताना मी दाराआडून बघायची. महाराजांच्या बाजूनं लढलेला सिद्दी हिलालही होता हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ती आमच्यासारखीच कोकणी मिसळलेली मराठी बोलायची हे तर मला ऐकूच आलं नाही, एवढ्या वर्षांत. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड, आपला खानापूर, तिकडं कलघटगी, या जंगलपट्ट्यात सिद्दी पिढ्यान्‌पिढ्या आहेत, पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात गुलाम म्हणून आणलेल्यांतले बरेच जण निसटून घाटावरच्या रानात आले. हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिश्चन आहेत. उत्तर कन्नडमधल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा २००३ ला मिळाला, बेळगाव आणि धारवाडच्या सिद्दींना थेट २०२० ला. जिल्हा वेगळा, पण जंगल तेच, आणि हे सगळं मी चाळिशी ओलांडल्यावर शिकले.

म्हणून म्हणते, कॅल्पर्नियाकडं बघ. फिंचांच्या घरातली स्वयंपाक करणारी, काळी बाई, आई नसलेल्या या पोरांना तिनंच वाढवलं, स्काउटला अक्षरं तिनंच गिरवायला लावली. पोरांचं ते उबदार, सुरक्षित घर उभं आहे ते हिच्या हातांवर. आणि पोरांना तिच्याबद्दल काय माहीत? बाराव्या चॅप्टरमध्ये ॲटिकस बाहेरगावी असताना ती पोरांना आपल्या चर्चला घेऊन जाते. आदल्या रात्री घासूनपुसून आंघोळ, फ्रॉकला कडक स्टार्च, कुणी म्हणू नये की मी माझ्या पोरांकडं लक्ष देत नाही. चर्चच्या दारात लूला नावाची बाई आडवी येते, ही गोरी पोरं इथं कशाला आणलीस म्हणून. स्काउट आयुष्यात पहिल्यांदा नको असलेली माणूस होते, आणि त्याच दिवशी तिला किती गोष्टी कळतात बघ: भजनाची पुस्तकं नाहीत कारण वाचता येणारे चारेक जणच आहेत, कॅल्पर्नियाचा मोठा मुलगा झीबो एक एक ओळ सांगतो आणि बाकीचे मागून म्हणतात, कॅल्पर्नियाला स्वतःचा वाढदिवस माहीत नाही, आणि ती इथं वेगळी भाषा बोलते. तिला घराबाहेर स्वतःचं आयुष्य आहे हे स्काउटच्या डोक्यात तोवर आलेलंच नसतं. इतकी वर्षं रोज हातचं जेवलेल्या बाईबद्दल.

भाषेचा तो मुद्दा आपल्या भागातल्या पोरांना लगेच कळतो. तू दोन भाषा का बोलतेस, बरोबर काय ते माहीत असूनही तिथं त्यांच्यासारखी का बोलतेस असं स्काउट विचारते, आणि कॅल्पर्निया सांगते की आपल्या माणसांत गोऱ्यांची भाषा बोलले तर शहाणपणा मिरवतेय वाटेल. आपण नाही का, घरी एक मराठी, वर्गात दुसरी, बसस्टँडवर कन्नड, ऑफिसात आणखी काहीतरी. पण आपलं आणि तिचं एक करू नकोस हं, आपण भाषा बदलली आणि चुकलो तर कुणीतरी हसतं, फार तर वाद होतो. तिनं चुकीच्या ठिकाणी चुकीचा सूर लावला तर काय होऊ शकतं ते टॉमच्या केसमध्ये दिसतं. मेयेलाची, म्हणजे आरोप करणाऱ्या त्या गोऱ्या मुलीची, कीव आली म्हणून मदत केली, असं तो कोर्टात बोलून जातो, आणि काळ्या माणसाला गोऱ्या मुलीची कीव येते म्हणजे काय, इथंच तो संपतो.

आता माझ्या हातून झालेलं सांगते, ते सांगितल्याशिवाय हे उत्तर खरं होणार नाही. एका वर्षी कोर्टाचा प्रसंग वर्गात वाचायला घेतला, भूमिका वाटून. वर्गात हल्याळकडचा एक सिद्दी मुलगा होता, शेवटच्या बाकावर बसायचा, अक्षर फार सुंदर. मी टॉमचे संवाद त्याला दिले. विचार करून दिले असंही नाही, हात आपोआप तिकडं गेला. तो उभा राहिला, पुस्तक बंद केलं आणि म्हणाला, "मॅडम, मला ॲटिकस द्या की." वर्गात कुणी हसलं नाही. मी त्याला ॲटिकस दिला, टॉम एका अनगोळच्या पोराला दिला, आणि त्या दिवशी घरी जाऊन मला जेवण गेलं नाही. तोवर ही कादंबरी मी किमान दहा वेळा शिकवली होती, एकोणिसाव्या चॅप्टरवर दोन मिनिटं थांबणारी मी.

त्यानंतर मी ही कादंबरी वेगळी वाचायला लागले, पोरं काय विचारतात यापेक्षा काय विचारत नाहीत ते बघायला लागले. टॉमला दोषी ठरवल्यावर ज्युरीवर, म्हणजे निकाल देणाऱ्या बारा नागरिकांवर, बापलेकांचं बोलणं होतं ना, तिथं स्काउटचा मोठा भाऊ जेम विचारतो की आपल्यासारखी गावातली माणसं ज्युरीत का नसतात, स्काउटला कळतं की अलाबामात बायकांना ज्युरीत बसता येत नाही आणि ती चिडते. पण बारा जणांत एकही काळा माणूस का नाही? हे त्या पोरांच्या तोंडी येत नाही. आणि गंमत नाही सांगत, कादंबरीतला खटला आहे १९३५ च्या उन्हाळ्यात, आणि त्याच वर्षी १ एप्रिलला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं अलाबामाच्याच एका केसमध्ये निकाल दिला होता की काळ्यांना ठरवून ज्युरीबाहेर ठेवणं घटनेविरुद्ध आहे. ती केस स्कॉट्सबरोची, १९३१ ला नऊ काळ्या पोरांवर दोन गोऱ्या मुलींवर बलात्काराचा आरोप ठेवलेली. म्हणजे देश ज्यावर भांडत होता ती गोष्ट वकिलाच्या घरातल्या हुशार, वाचणाऱ्या, कशालाही 'का' विचारणाऱ्या पोरांना दिसत नाही. बायका नाहीत हे दिसलं, कारण ते स्वतःला लागलं.

माहिती दिली की पूर्वग्रह जातो असं जर तू लिहिणार असशील तर थांब, कादंबरीतच त्याला उत्तर आहे. मिस गेट्स बाई वर्गात हिटलर ज्यूंचा छळ करतो ते शिकवतात, लोकशाही म्हणजे काय ते फळ्यावर लिहितात, मनापासून हळहळतात. आणि याच बाई खटल्याच्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर म्हणालेल्या असतात की या लोकांना धडा शिकवायची वेळ आलीच होती, फार वर चढायला लागलेत. स्काउट हे दोन्ही एकत्र ठेवते आणि जेमला विचारते, हे असं कसं? माझ्या मते अख्ख्या कादंबरीत स्काउट मोठी होते ती इथं. आणि ते चहापान बघ, चोविसाव्यात. मला ते वाचताना आपलं हळदीकुंकूच दिसतं, नटलेल्या बायका, बशीत खाऊ, गोड बोलणं. मेरीवेदरबाई आफ्रिकेतल्या म्रुना लोकांच्या दारिद्र्यानं डोळ्यांत पाणी आणतात आणि लगेच आपली मोलकरीण सोफी खटल्यानंतर तोंड पाडून काम करते म्हणून तक्रार करतात. लांबच्या काळ्या माणसासाठी अश्रू, चुलीजवळच्या काळ्या बाईनं दुःखसुद्धा दाखवायचं नाही. आणि त्याच वेळी आत स्वयंपाकघरात टॉम मारला गेल्याची बातमी येते, कॅल्पर्निया ॲटिकसबरोबर त्याच्या बायकोला सांगायला निघते, आणि बाहेर चहा चालू राहतो.

तुलनेला एकच पुस्तक घे, मार्क ट्वेनचं 'हकलबेरी फिन', १८८४-८५ चं. हक जपून वाढवलेला मुळीच नाही, बाप दारुडा, मारतो, पोरगं रस्त्यावरचं. तरी जिमला गुलामगिरीतून पळायला मदत करणं हे पाप आहे असं त्याला मनापासून वाटतं, आणि नरकात गेलो तरी चालेल म्हणून तो ते पाप करायचं ठरवतो. तेव्हा सगळं खापर सुरक्षित बालपणावर फोडू नकोस. हकला चुकीचं शिकवलंय आणि ते त्याला पाठ आहे, स्काउटला चुकीचं कुणी शिकवलेलंच नाही, तिच्या आजूबाजूला ते नुसतं आहे. दुसरी स्थिती ओळखायला जास्त अवघड, बंड करायला समोर काही दिसतच नाही.

जातीशी तुलना तुझे सर नक्की विचारतील. फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केली, तेव्हा हे दोन्ही शेजारी ठेवून बघायची वाट मराठीत जुनी आहे, घाबरू नकोस. फक्त वर्ण म्हणजे जातच असं सरळ लिहू नको. मेकॉम्बमध्ये कातडी बघितली की संपलं, आपल्याकडं आडनाव विचारून, गल्ली विचारून अंदाज घ्यावा लागतो. सिद्दी माणसाला आपल्याकडं दोन्हीतून जावं लागतं.

आणि ॲटिकसला देव करू नकोस. तो 'तो शब्द वापरू नको' म्हणतो ते का, तर तसं बोलणं हलक्या लोकांचं आहे म्हणून, माझ्या आजीच्या 'असं विचारू नये'ची तिथं मला आठवण येते. २०१५ ला लीचं आधी लिहिलेलं 'गो सेट अ वॉचमन' आलं, त्यात २६ वर्षांची स्काउट घरी येते आणि हाच बाप काळ्या-गोऱ्यांच्या शाळा एक करायच्या विरोधातल्या मीटिंगला बसलेला दिसतो. कितीतरी वाचक दुखावले. मला ते खोटं वाटलं नाही.

सेमिनारची सुरुवात डिलच्या रडण्यापासून कर, मग चर्च, मग चहापान, या क्रमानं गेलीस तर वेळ पुरेल. शेवटाला दोन घरं शेजारी ठेव. चर्चहून परतताना स्काउट कॅल्पर्नियाला विचारते, तुझ्या घरी येऊ का गं कधी? ती म्हणते कधीही ये. पुढं स्काउट बापाला विचारते तर आत्या अलेक्झांड्रा मध्येच नाही म्हणून टाकते. शेवटच्या चॅप्टरमध्ये स्काउट शेजारच्या गोऱ्या बू रॅडलीच्या व्हरांड्यात उभी राहून त्याच्या नजरेनं आपली गल्ली बघते, सगळे परीक्षक या प्रसंगाचं कौतुक करतात आणि ते आहेही तसं. ३१ चॅप्टर तिथं संपतात, आणि कॅल्पर्नियाच्या घरी स्काउट गेलेली नसते.